धाकट्या खांबाचा अबोला

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. इतक्या पूर्वी विजेच्या गाड्या कुठून आल्या, असं ज्याला विचारायचं असेल त्याने खुशाल उठून घरी जावं. आमच्या गोष्टीत होत्या. बाकीच्यांनी नीट सरसावून बसा.

एका राज्यात एक मोठा घाट होता. अलीकडे गावं, पलीकडे समुद्र. घाट चढायचा तर गाडीच्या पोटात भरपूर वीज हवी, म्हणून पायथ्याशी चार्जिंगचे चार खांब उभे केले होते. चौघे भाऊच म्हणा ना. थोरला, दुसरा, तिसरा आणि धाकटा.

चौघांना धबधब्यावरून एकाच तारेने वीज यायची. ती तार बारा वाटे वीज आणू शकायची. तेरावा ओढला असता तर जळून गेली असती. म्हणून खांब उभारणाऱ्या कारागिराने चौघांमध्ये बोलण्यासाठी आणखी एक बारीक तार ओढून दिली आणि बजावलं, "एकमेकांना विचारून घ्या रे बाबांनो. थोरला सांगेल तसं वाटून घ्या. आणि जो बोलणार नाही, त्याने तीन वाट्यांच्या पुढे हात घालायचा नाही. बाकीचे किती ओढताहेत ते त्याला कुठून कळणार?"

मग काय, दिवसभर चौघांची बडबड चालायची. "दादा, माझी गाडी भरत आली, माझे दोन वाटे घे." "तिसऱ्या, तुझ्याकडे कोण आलंय रे?" "मडकी घेऊन कुंभार आलाय, त्याला घाई नाही." एकटीच गाडी असली की तिला बाराच्या बारा वाटे मिळायचे आणि ती घटकाभरात घाटाला लागायची. संध्याकाळी कोण आलं, कोण कुठे गेलं, याच्या गप्पा रंगायच्या. धाकट्याला त्या फार आवडायच्या.

एक दिवस चारही खांबांवर गाड्या होत्या. दुसऱ्याकडे सुईणीची गाडी होती, कारण वरच्या वाडीत एक बाई अडली होती. थोरला म्हणाला, "दुसऱ्यासाठी सगळ्यांनी एकेक वाटा सोडा." सगळ्यांनी सोडला. सुईण वेळेवर पोचली, बाळबाळंतीण सुखरूप राहिली. पण धाकट्याकडे उभ्या असलेल्या फेटेवाल्या शेटजीची गाडी रेंगाळली. त्याने खांबावर छडी हाणली आणि म्हणाला, "काय मुर्दाड खांब आहे हा!"

ते धाकट्याच्या अगदी जिव्हारी लागलं. वाटा सोडायचा मी आणि छडीही खायची मीच? तो जो फुगून बसला, तो बसलाच. त्याने अबोला धरला.

थोरला रोज सकाळी हाक मारायचा, "धाकल्या, आहेस का रे?" धाकटा ऐकायचा, पण हूं की चूं करायचा नाही. थोरला उसासा टाकून त्याचे तीन वाटे बाजूला ठेवायचा. संध्याकाळी तिघांच्या गप्पा सुरू झाल्या की धाकट्याचा जीव तुटायचा. आपल्यालाही काहीबाही सांगायचंय, असं त्याला फार वाटायचं. पण आधी त्यांनी माफी मागावी, मग बोलेन! त्या बिचाऱ्यांना कशाची माफी मागायची तेच ठाऊक नव्हतं. असं वर्ष गेलं.

एका सकाळी भागू नावाची बाई शेजारणीची गाडी मागून घेऊन आली. बाकीचे तीन खांब अडलेले होते, म्हणून तिने धाकट्याला गाडी जोडली. गाडीत गोधडीत गुंडाळलेला एक दगडी पाटा होता. सोबत कुणी नव्हतं, तेव्हा ती खांबाशीच बोलायला लागली.

"हा आमच्या आईचा पाटा. आई गेली तेव्हा आक्का म्हणाली मला हवा, मी म्हटलं मला. एवढ्याशा दगडापायी अकरा वर्षं आम्ही बहिणी बोललो नाही बघ. आज आक्का समुद्रापार मुलाकडे निघालीय, कायमची. दिवेलागणीला गलबत सुटणार. येते म्हणून निरोप धाडलाय मी. एकदा तिच्या गळ्यात पडून रडायचंय, दुसरं काही नको."

गाडी पूर्ण भरल्याशिवाय तो चढ चढणार नव्हता. भागू बसून राहिली.

दुपारी एकेक करत बाकीचे तिन्ही खांब रिकामे झाले. नऊ वाटे वीज नुसती पडून होती आणि भागूच्या गाडीत तीन वाट्यांची बारीक धार चालू होती. चारही खांब दिसायला सारखे. त्यातला एक रुसलाय, हे परक्या माणसाला कसं कळावं? ती गाडीतल्या विजेच्या काट्याकडे बघायची, मग उन्हाकडे बघायची.

"चल रे राजा, चल," खांबावर हात फिरवत ती म्हणाली. "आक्का वाट बघत असेल. ती तशीच आहे, शेवटपर्यंत बघेल."

वर्षभरात धाकट्यावर कुणी मायेचा हात ठेवला नव्हता. बोलावं, असं त्याला शंभरदा वाटलं. शब्द तारेपर्यंत यायचा आणि परत फिरायचा. पहिलं मीच का बोलू? सावल्या लांबल्या. भागूने पदराने डोळे पुसले, तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही.

"दादा..."

पलीकडून थोरल्याचा आवाज आला, "धाकल्या? अरे, किती वाट बघायला लावलीस रे!"

"दादा, मला वीज हवी. सगळी."

"घे की! बाराच्या बारा घे. दुपारपासून पडून आहे, वेड्या. तू मागितलीच नाहीस."

गाडी बघता बघता भरली. भागू सुसाट निघाली.

ती धक्क्यावर पोचली तेव्हा गलबताचा दोर नुकताच सुटला होता. मध्ये वीसेक हात पाणी होतं. कठड्याला धरून आक्का उभी होती.

"आक्काऽ! पाटा आणलाय गं!"

"पाटा कुणाला हवाय, भागे! तू आलीस ना!" आक्काने दोन्ही हात पसरले. "जरा आधी का नाही गं आलीस?"

आवाज पोचेनासा होईपर्यंत दोघी ओरडून ओरडून बोलत राहिल्या. अकरा वर्षांचं बोलणं तेवढ्यात कसं उरकणार? आणि मिठी राहिली ती राहिलीच.

दुसऱ्या दिवशी भागू घाट उतरून पायथ्याशी आली. तिने पाटा धाकट्याच्या पायाशी ठेवला. "हा इथेच असू दे. घरी नेला तर रोज ते वीस हात पाणी दिसेल मला. तुझा काय दोष, बाबा? अकरा वर्षं तर मीच घालवली," असं म्हणून ती निघून गेली.

धाकट्याला मात्र आपला दोष ठाऊक होता. त्या संध्याकाळी त्याने भावांना सगळं सांगितलं. तेव्हापासून रोज सकाळी पहिली हाक धाकट्याची असते, "दादा, आहेस का रे?" आणि दिवेलागण झाली की पायाशी पडलेल्या त्या पाट्याकडे बघून त्याला अजून भरून येतं.

तात्पर्य काय, तर अबोला धरून आपला वाटा वाढत नाही, आणि ज्याला आपली गरज असते त्याची वेळ मात्र निघून जाते.