कुरकुरणारी धाकटी

फार पूर्वी, लोखंडालाही बोलता येत होतं तेव्हा, एका जुन्या मोटारीच्या मागच्या चाकावर धक्के झेलणारी पोलादी पट्ट्यांची कमान होती. सगळ्यांत वर लांबलचक थोरली, सगळ्यांत खाली आखूड धाकटी. खड्डा आला की धाकटी कुरकुरायची आणि थोरलीचं डोकं उठायचं.

एकदा मालक गॅरेजात येऊन म्हणाला, "मिस्त्री, गाडी बुटकी करा. जमिनीला टेकल्यासारखी दिसली पाहिजे."

"मग कमानीतली एखादी पट्टी काढावी लागेल," सुभानमिस्त्री म्हणाला.

"धाकटीला काढा!" थोरली लगेच म्हणाली. "नाहीतरी सगळा भार मीच उचलते. ही नुसती रडते."

धाकटी गेली. गाडी खाली बसली, मालक खूश झाला. थोरलीला हवी होती तेवढी शांतता मिळाली, पण ती उपभोगायचं त्राण काही उरलं नाही. प्रत्येक खड्ड्याला तिची पाठ पार उलटी वाकायची. आता मोडणार, या धास्तीने ती सपाट रस्त्यावरही ताठून असायची.

गाडी पुन्हा गॅरेजात आली तेव्हा मिस्त्रीने खाली डोकावून पाहिलं. "अगं, मोडायला आलीस की! धाकटीला परत बसवतो. पण मालकाला गाडी बुटकीच हवी, तर तुझा बाक थोडा उतरवून तुला जरा सपाट करावं लागेल."

"उतरवा बाबा," थोरली म्हणाली.

पहिल्याच खड्ड्याला निम्मा भार धाकटीवर गेला आणि खालून ओळखीची कुरकुर आली. धाकटी दचकली. "चुकले हं ताई, गप्प बसते."

"कुरकुर, बाई," थोरली म्हणाली. "तेवढ्यात मी जरा टेकते."