गळतगे सर आडवे होतात

“महाराज, आळस माणसाच्या अंगातून काढायचा कसा?”

“कुणाच्या अंगातून?”

“माझ्या मुलीच्या.”

रामलिंगबुवांनी मुलीकडं पाहिलं. ती मठासमोरच्या जांभळाखाली, पारावर आडवी झाली होती. बापाबरोबर टेकडी चढून आली, बुवांच्या पाया पडली आणि सरळ जाऊन पसरली. नाव केतकी, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला.

“चांगली दिसतीय की,” बुवा म्हणाले.

“तेच तर, महाराज! कॉलेजातून आली की दुपारभर ही अशीच. खाटेवर पडायचं आणि आढ्याकडं बघायचं. काय करतेस विचारलं, तर म्हणायची, काही नाही. आता ‘काही नाही’ हे काय उत्तर झालं?”

मी मठाच्या पायरीवर शेंगा फोडत बसलो होतो. गळतगे सरांना आमच्या गावात कोण ओळखत नाही! इंग्लिश स्पीकिंगचा त्यांचा क्लास, आणि क्लासचा एकच कायदा. जे बोलायचं ते करायचं. ‘आय अ‍ॅम ड्रिंकिंग वॉटर’ म्हणायचं तर तोंडाला तांब्या लागला पाहिजे. ‘आय अ‍ॅम जंपिंग’ म्हणायचं तर बँकेतल्या पन्नाशीच्या बाईंनीसुद्धा उडी मारायची. हसायचं तर हसा, पण लोक तिथनं फडाफडा बोलत बाहेर पडतात. आणि सरांना त्याचा ताठा भारी.

“म्हणायची म्हणालात,” बुवांनी विचारलं. “आता काय म्हणते?”

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“आता काहीच म्हणत नाही. दिवाळीपासून माझ्याशी बोलत नाही.”

“का?”

“क्लासात ‘लेझी’ शब्द शिकवत होतो. क्लास आमच्या घरातच, पुढच्या खोलीत. मधलं दार उघडं होतं, आत ही खाटेवर. मी बोट दाखवलं. शी इज लेझी. सगळ्या क्लासनं तिच्याकडं बघून म्हटलं, शी इज लेझी.”

“एकदाच?”

“पाठ होईपर्यंत.”

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. असा राग आला म्हणता! स्वतःच्या लेकीचा फळा केला या माणसानं. पण सरांचा आवाज कापायला लागला आणि माझा राग कुठल्या कुठं गेला.

“घरात आम्ही दोघंच, घर खायला उठतं हो, महाराज. ताट वाढते, चहा देते, पण शब्द नाही. तुम्ही तिला चार गोष्टी सांगा. आळस गेला की रुसवाही जाईल.”

बुवा दाढी खाजवत राहिले...

“मास्तर, इंग्रजीत आळसाला एवढा एकच शब्द?”

झालं! सर सावरून बसले.

“छे, छे! ढीगभर आहेत. लेझी म्हणजे स्वभावानंच आळशी. आयडल म्हणजे रिकामा. गाडी उभी आणि इंजिन चालू, तेही आयडल. लोफिंग म्हणजे कामाच्या वेळी काम चुकवून टंगळमंगळ. लाउंजिंग म्हणजे मऊ जागा बघून ऐसपैस टेकणं. आणि लेझिंग अराउंड...” सर जरा थांबले. “म्हणजे काहीही न करता, इकडं तिकडं लोळत, मजेत वेळ घालवणं.”

“मजेत?”

“हो. या शब्दात तशी शिवी नाही.”

“मग हाच शिकवा मला.”

“तुम्हाला?”

“का? मी नापास होईन?”

सरांना हसू आलं. शिकणारा मिळाला की हा माणूस दुःख विसरतो. त्यांनी बुवांना क्लासचा कायदा सांगितला. बुवा उठले, पाराच्या अलीकडच्या कडेला गेले आणि उपरणं उशाला घेऊन आडवे झाले. पलीकडं केतकी पडलेली.

“हं, आता म्हणा महाराज, आय अ‍ॅम लेझिंग अराउंड.”

बुवांनी डोळे मिटले.

“म्हणा ना... झोपलात की काय?”

“नाही. अर्थ चाललाय. मधी बोलू नका.”

मला खोकल्याचं सोंग करावं लागलं. पलीकडून केतकीनंही मान वळवली.

“पण मला जमतंय का नाही, कसं कळायचं?” बुवा म्हणाले. “तुम्ही करून दाखवा.”

आता कायदा सरांचाच. पळणार कुठं? त्यांनी चपला जोडीनं लावल्या, पारावर रुमाल अंथरला आणि दोघांच्या मध्ये आडवे झाले. पाय जुळवलेले, हात मांड्यांना चिकटलेले. खड्या आवाजात म्हणाले, “आय अ‍ॅम लेझिंग अराउंड!”

“चूक.”

“महाराज, व्याकरण बरोबर आहे!”

“व्याकरण असेल. मान चुकली.”

सरांनी मान ढिली केली. क्षणभरानं घड्याळ बघितलं.

“चूक.”

घड्याळ काढून खिशात घातलं. मग खिशातला फोन वाजला, सर ताडकन उठून बसले.

“चूक, मास्तर, चूक!”

केतकी फिसकन हसली. पटकन तोंडावर हात धरला, पण हसू बाहेर पडलं ते पडलंच.

सर रडकुंडीला आले होते. “मला नाही येत, महाराज. मला हे कुणी शिकवलंच नाही.”

“मग मला कशाला सांगता? जिला येतं तिला विचारा.”

सर परत आडवे झाले आणि केतकीकडं वळले.

“केतकी,” सर खालच्या आवाजात म्हणाले, “कसं करतात गं हे?”

केतकी वर फांद्यांकडं बघत होती.

“मी वाईट बोललो, बाळा. सगळ्यांदेखत बोललो. चुकलो मी.”

“हात डोक्याखाली घ्या,” केतकी म्हणाली.

सरांनी घेतले.

“पाय सोडा. असे नाही, बाबा. पडू देत ते कसेही.”

सरांनी पाय सोडले. डोळ्यांतलं पाणी कानाकडं ओघळलं, ते त्यांनी पुसलंसुद्धा नाही.

“आता काय करायचं?”

“काही नाही.”

दोघं पडून राहिले. बुवा पडूनच होते. बऱ्याच वेळानं केतकीनं वर बोट दाखवलं आणि सांगितलं, ती खार मघापासून त्याच फांदीवर येऊन परत जातीय, घाबरट आहे. सर म्हणाले, तुझी आई अशीच होती, लग्न होऊन आली तेव्हा, नवीन नवीन. केतकी म्हणाली, खरंच? सांगा ना. मग बापलेक जे बोलत सुटले! मी सगळं ऐकलं नाही. जे ऐकलं तेही सांगणार नाही, त्यांचं त्यांच्यापाशी राहू दे.

उन्हं कलली तसे सर ताडकन उठले. चेहरा नुसता उजळला होता. त्यांनी पडलेल्या बुवांचे पायच धरले.

“महाराज, पोरगी बोलली! आता सोडत नाही. उद्यापासून रोज संध्याकाळी अर्धा तास तिच्याबरोबर लेझिंग अराउंड. टाइमटेबलातच टाकतो. रविवारी तासभर!”

केतकीनं कपाळावर हात मारून घेतला.

बुवांनी एक डोळा उघडला.

“मास्तर... परत आडवे व्हा.”