रूबेनची प्रार्थना

त्या रविवारी गारठा असा, की चर्चच्या घंटेचा दोर हातात धरवत नव्हता. दुपार झाली तरी ऊन अंगाला लागेना.

“मी का म्हणू त्याच्या प्रार्थनेला आमेन? सांगा ना, बाबा!”

येशुदास शेजारच्या सिमोनबाबांच्या पायरीवर टेकला होता. म्हातारा कानटोपी घालून शेंगा सोलत होता. हा तरी कुणाच्या तटाचा, कोण जाणे, असं येशुदासच्या मनात येऊन गेलं.

कारण गावच्या चर्चमध्ये दोन तट पडले होते. जुनी इमारत पाडून नवी बांधू, म्हणणारा येशुदासचा. डागडुजी करू, म्हणणारा रूबेनचा. दोन्ही तट एकाच सतरंजीवर बसायचे, मधे हातभर जागा सोडून. आणि तिथली रीत अशी, की एकानं मोठ्यानं प्रार्थना करायची, बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. आमेन म्हटलं की ती प्रार्थना सगळ्यांची.

आज रूबेननं उभं राहून येशुदासच्या सुनेसाठी प्रार्थना केली होती. ती पोर पहाटेपासून दवाखान्यात अडली होती.

“तिच्या आडून मला टोमणा मारला त्यानं. डोळे मिटून माणूस देवाशी बोलतोय का सुरी पाजळतोय, कुणाला कळतं?”

“असंल टोमणा...” बाबा म्हणाले. “थंडीनं मला काही यायला झालं नाही. म्हणाला काय तो? त्याचेच शब्द सांग. पदरचं घालू नको.”

येशुदासनं रूबेनसारखा नाकातला आवाज काढला. “हे प्रभू, तू कनवाळू आहेस...”

“सावकाश.”

“...त्या लेकराला सुखरूप सोडव. तिच्या पोटचं बाळ तिच्या कुशीत दे...”

नक्कल इथंच कुठंतरी गळून पडली. त्याचा हात खिशातल्या फोनवर गेला. फोन गप्प होता.

“पुढं?”

“पुढं तोच टोमणा.”

बाबांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. त्यांना कसली घाई नव्हती.

येशुदासनं मान खाली घातली.

“...आणि त्या घरातलं... कडूपण काढून टाक. ख्रिस्ताच्या नावानं मागतो.”

“आमेन.”

येशुदासनं दचकून वर पाहिलं. एवढ्या गारठ्यात म्हाताऱ्यानं कानटोपी उतरवून मांडीवर ठेवली होती, चर्चमध्ये प्रार्थनेला ठेवतात तशी.

“हे कपट झालं, बाबा! मी नुसतं सांगत होतो. प्रार्थना त्याची होती!”

बाबांनी टोपी पुन्हा कानांवर ओढली. सूप पुढ्यात घेतलं.

“असंल. मला तर आवाज तुझा आला.”