जवसाईची पहिली मूठ

ऐक जवसाई, तुझी कहाणी. आटपाट गाव होतं, निळ्या फुलांचं शिवार होतं. तिथं भिवराबाई नांवाची म्हातारी होती. तिची सून साळू. साळूला माहेरीं आई नव्हती, ह्याच म्हातारीनं तिची वेणीफणी केली होती.

भिवराबाईचा एक वसा होता. फाल्गुनांत जवस घरीं आला, की घाण्याला घालण्याआधी पहिली मूठ चुलीमागच्या गाडग्यांत ठेवायची. दुखणाईत दारीं आलं, की त्यातला द्यायचा. कोण, कुठलं, विचारायचं नाही.

एके वर्षी काय झालं? भिवराबाई लेकीच्या बाळंतपणाला गेली. साळू म्हणाली, "मूठभर बियांवाचून कुणाचं अडतंय? तेवढंच तेल वाढेल." मग तिनं सगळा जवस घाण्याला घातला. गाडगंसुद्धा धुऊन पालथं घातलं. भारी टापटिपीची हो!

मग कुंभारीण आली. "सूनबाई, गळू ठणकतंय, चिमूटभर जवस दे." साळू म्हणाली, "नाही." मग गुरवीण आली. "पोट साफ होईना, भिजवून प्यायला दे." "नाही." मग कोष्टीण आली. "लेकराची छाती भरलीय, शेकायला दे." "नाही म्हटलं ना!" तिघी गेल्या.

पुढं भिवराबाई परतली ती खोकतच. छातींत कफ दाटला, श्वास पुरेना. साळू गाडग्याकडं धावली. गाडगं रितं! आता कुठल्या तोंडानं मागायचं? पण लाज गिळली आणि निघाली.

कुंभारीण म्हणाली, "माझं गळू बरं झालं गं. तुझ्या सासूनं गेल्या साली माळिणीला दिला होता ना जवस, त्यातलाच मागून आणला. हा उरलाय, ने." गुरविणीनं तसंच सांगून चिमूट दिली. कोष्टिणीनं पुरचुंडीच सोडली. चिमूट चिमूट करतां मूठ भरली.

मग साळूनं जवस कुटला, पाण्यांत शिजवला, फडक्यावर थापला. आधी आपल्या मनगटाला लावून ऊब पाहिली, मग सासूच्या छातीला पोटीस बांधलं. एकदां बांधलं, दोनदां बांधलं, तिसऱ्यांदा कफ सुटला. म्हातारी उठून बसली, पेज मागूं लागली.

साळू पायांशी रडली. "आत्याबाई, मी वसा मोडला. गाडग्यांत दाणा नव्हता."

भिवराबाईनं तिचे डोळे पुसले. "वेडी गं वेडी! गाडगं का चुलीमागं असतंय? ते घरोघरीं भरून ठेवलंय."

पुढच्या फाल्गुनांत पहिली मूठ साळूनं काढली. ती गाडग्यांत घातली नाही, आधी पदरांत घेऊन तीन दारांना गेली.

जवसाई, साळूला तिची माय परत दिलीस, तशी ऐकणारणींची आपापली माणसं राख. ही साठां उत्तरांची कहाणी, पांचां उत्तरीं, एका मुठींत सुफळ संपूर्ण.