गाय बसली तिथे

ब्रॅम्बलफोर्डला आलेला पाहुणा आधी हेच विचारतो: घरं सगळी ओढ्याच्या अलीकडे, मग चर्च तेवढं पलीकडे, टेकडीच्या अर्ध्यावर एकटं का? चर्चची घंटा वाजवणारे म्हातारे टॉबायस काठी टेकून म्हणतात, "ते आम्ही कुठं ठरवलं? गाईनं ठरवलं."

फार पूर्वी, असं सांगतात, गावाला चर्चच नव्हतं. बांधायचं ठरलं, तेव्हा चढाचे कष्ट नकोत म्हणून आळशी गावकऱ्यांनी घरांखालच्या सखल कुरणात, ओढ्याला लागूनच पाया खणला. त्याच सुमारास हिल्डाचा नवरा तापानं अंथरुणाला खिळला होता. "हे उठले, तर चर्चचा पहिला दगड माझी गाय ओढेल," असा तिनं नवस बोलला. नवरा खडखडीत बरा झाला. पण फेडायची वेळ आली तेव्हा तिची एकुलती एक गाय, क्लोव्हर, गाभण होती. देवाला दिलेला शब्द मोडायचा कसा? पलीकडच्या टेकडीवरच्या खाणीतून दगड घेऊन दोघी सावकाश उतरू लागल्या.

निम्म्या वाटेवर क्लोव्हर बसली, ती बसलीच.

खाली पायापाशी सारा गाव ताटकळला होता. "चाबूक ओढ, हिल्डा! नवस अर्धा राहिला, तर ताप परत येईल," गवंडी ओरडला. हिल्डाला इकडे आड, तिकडे विहीर! तरी तिनं जू सोडलं आणि आपली शाल गाईच्या अंगावर पांघरली. "देवाला घाई असेल तर त्यानं येऊन दगड न्यावा. मी हिला मारायची नाही."

तिला बोल लावायला पाद्रीसकट अख्खा गाव ओढा ओलांडून वर चढला. आणि तेवढ्यात, म्हणे, डोंगराकडून पाण्याचा लोंढा आला. घरांच्या पायऱ्यांना शिवून पाणी परतलं, पण कुरणातला पाया पार वाहून गेला. माणूस एकही दगावलं नाही, कारण सगळे गाईभोवती भांडत उभे होते. त्या गलक्यातच क्लोव्हर व्यायली.

पाद्रीनं टोपी काढली. "हिल्डा, तुझा दगड पोचला गं," तो म्हणाला, आणि ती रडू लागली.

नवऱ्याला ताप पुन्हा आला नाही. म्हातारपणी मात्र तो दर रविवारी चढावर धापा टाकत गाईला शिव्या घालायचा.

आजही चर्चच्या वाटेत गाय बसली, तर तिला कुणी उठवत नाही. गेल्या वर्षी टॉबायस यांच्या नातीच्याच लग्नात एक बसली. आत नवरदेव घामाघूम झाला. नवरीनं शुभ्र झगा सावरला आणि ती शेजारी गवतात बसून राहिली. टॉबायस दोरीला हात लावून उभे होते. गाय उठली, तेव्हाच त्यांनी घंटा वाजवली.