नाळ कुठं पुरली?

दवंडीचा तो डफ लहानपणी ऐकला, अजून कानात आहे. राजानं फर्मावलं होतं, "राज्य म्हणजे शरीर, मी त्याचं डोकं. ज्याची नाळ इथं पुरली नाही, त्यानं नदीपार चालतं व्हावं."

शिपायांनी लिंबाजी कोष्ट्याला मागावरून उठवून दरबारात आणलं. बायको दारात रडत राहिली.

"तुझी नाळ कुठं पुरली?" राजानं दरडावलं.

"आजोळी, नदीपार. पहिलं बाळंतपण माहेरीच होतं ना, सरकार." लिंबाजीनं हात जोडले. "जातो की. पण तुम्हीही थोरलेच, अन् आऊसाहेबांचं माहेरही नदीपारचंच. तर आधी डोकं पुढं होऊ द्या, हातपाय मागनं येतात."

राजानं पडद्याआड बसलेल्या आईकडं पाहिलं आणि तो आत निघून गेला.