वैद्यबुवांची लांब पळी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की ती पहिल्यांदा ज्यांनी सांगितली, तेही आता कुणाला आठवत नाहीत. ऐका तर मग, लहानांनी ऐका आणि मोठ्यांनी तर जरा कान देऊनच ऐका.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक वैद्यबुवा होते. त्यांच्या हाताला गुण आहे, असं सगळे म्हणत. पण तो हात आताशा कुणाला लागत नसे. असं का, तेच सांगते.

बुवा तरुण होते तेव्हा गावात मोठी साथ आली. पटापट माणसं जाऊ लागली. बुवांची धाकटी बहीण गेली, ती त्यांचा हात घट्ट धरून. हातातला तो हात गार पडला आणि बुवांच्या मनात भीती बसली ती बसलीच. त्यांनी गावाला नियम घालून दिला. ज्या घरात आजारी माणूस, त्या दाराला कडुनिंबाची डहाळी बांधायची आणि बाहेरच्याने आत पाऊल टाकायचं नाही. त्यानेच गाव वाचलं. खोटं कशाला बोलू?

साथ गेली, रीत मात्र राहिली. पुढे पुढे पडसं झालं तरी डहाळी, कंबर धरली तरी डहाळी. ती दिसली की माणसं मान खाली घालून पुढे जात. लोक वाईट नव्हते हं! खिडकीत पेज ठेवत, देवाला नवस बोलत. फक्त आत जात नसत. डहाळी निघायची ती दोनच कारणांनी. आजारी माणूस उठून हिंडूफिरू लागलं म्हणजे, नाहीतर ते गेलं म्हणजे. आणि गेलं की सगळं गाव त्या घरात शिरायचं आणि गळा काढून रडायचं.

बुवांकडे एक पळी होती. साथीच्या दिवसांत तिला त्यांनी वेताचा दांडा बांधला होता, खिडकीतून औषध पाजायला. मग वेत जाऊन बांबू आला. पळी लांब होत गेली आणि बुवाही लांब लांब होत गेले.

आता त्याच गावात ठकूमावशी राहायची. ती गावची सुईण. गावातल्या बहुतेक सगळ्यांना जगात आल्यावर पहिला हात लागला तो तिचा. बुवांनासुद्धा. म्हातारी एकटीच असायची. मागे-पुढे कुणी नाही, सोबतीला एक द्वाड शेळी तेवढी. अशा मावशीला एकदा ताप भरला.

दाराला डहाळी लागली. बुवांनी लंघन सांगितलं. ताप आहे तोवर अन्नाचा कण नाही, फक्त पेजेची निवळ आणि काढा. रोज सकाळी ते खिडकीशी यायचे आणि बाहेरूनच विचारायचे, "मावशी, निवळ घेतलीत का?"

मावशी काही बोलायला तोंड उघडायची. तेवढ्यात पळी आत यायची.

मावशी दिवसेंदिवस खंगत चालली. डोळे खोल गेले, मान उचलेना. ताप हटत नाही असं समजून बुवांनी काढा आणखी कडक केला, लंघन आणखी वाढवलं. घरी गेले की त्यांना घास गोड लागेना. 'एवढं करूनही गुण का येत नाही? मावशी गेली तर?' त्याच्यापुढे त्यांना विचार करवत नसे.

आणि मग एका सकाळी शेळीने दावं तोडलं. शेळीच ती! कडुनिंब म्हणजे तिची मेजवानी. दारावरची डहाळी तिने काडीसकट फस्त केली आणि ती परसात जाऊन रवंथ करत बसली.

थोड्या वेळाने बुवा आले. पाहतात तर दार उघडंबोडकं. डहाळी नाही. कालपर्यंत जिला मान उचलवत नव्हती, ती उठून हिंडायला लागणं शक्यच नव्हतं. मग उरलं काय? रात्रीतून कुणीतरी आत गेलं असणार, सगळं संपलेलं पाहून डहाळी काढली असणार.

हातातली पळी गळून पडली. "मावशी गं!" असा हंबरडा फोडून बुवा उंबरा ओलांडून आत धावले आणि खाटेशी गुडघ्यांवर कोसळले.

मावशीने हळूच डोळे उघडले. कोण आलं आहे ते तिने नीट पाहिलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "म्हणजे मी गेले वाटतं?"

बुवांनी चटकन मान वर केली.

"नाही, तू आत आलास म्हणून विचारते रे. आपल्या गावात आत येतात ते माणूस गेल्यावरच."

बुवांना हुंदका आला. त्यांनी मावशीच्या कपाळाला हात लावला आणि ते दचकले. कपाळ गार होतं. मेल्या माणसाचं असतं तसं नव्हे, सकाळच्या वेळी तुमचं-माझं असतं तसं.

"मावशी, तुला तर ताप नाही! उतरला कधी?"

"पुष्कळ दिवस झाले, बाळा. सांगायला तोंड उघडलं, की तू पळी घालायचास."

"मग तू एवढी वाळलीस कशाने?"

"भूक रे," मावशी म्हणाली. "आधी पोटात होती. मग तीही मेली. पडल्या पडल्या वाटायचं, कुणी येऊन नुसतं बसलं तरी दोन घास जातील."

ज्या माउलीने आपल्याला जगात आणलं, तिला आपण औषध पाजून उपाशी मारत होतो! हे कळलं तेव्हा बुवा लहान पोरासारखे रडले. मग डोळे पुसून उठले. चूल पेटवली, मऊ भात शिजवला, वर साजूक तूप आणि मीठ घातलं आणि मावशीचं डोकं मांडीवर घेऊन एकेक घास भरवू लागले.

"तू जन्मलास तेव्हा रडला नाहीस," मावशी म्हणाली. "निळा पडला होतास. सगळे म्हणाले, संपलं. मी तुला उराशी धरून चोळत बसले. तेवढ्याशा जिवाला औषध तरी काय देणार? माझ्याकडे होती ती नुसती ऊब."

इकडे बाहेर काय झालं? बुवांचा हंबरडा शेजारणीने ऐकला, दारावर डहाळी नाही हेही तिने पाहिलं. झालं! बातमी गावभर झाली. माणसं रडत-भेकत धावली. कुणी तिरडीचे बांबू आणले, कुणी फुलं आणली. सगळी आत शिरली आणि जागच्या जागी थिजली. मावशी भात खात होती.

तिने सगळ्यांवरून नजर फिरवली. "तिरडीला एवढी खांदेकरी माणसं," ती म्हणाली, "आणि उशाशी बसायला एकही मिळालं नाही होय रे?"

मग एक बाई पुढे आली आणि मावशीचे पाय चेपू लागली. दुसरीने तिचे केस विंचरायला घेतले. फुलं आणलेल्याने ती उशाशी ठेवली.

मावशी बरी झाली. इतकी खणखणीत, की पुढे बुवांच्या नातवालाही पहिला हात तिचाच लागला. बुवांनी पळीचा दांडा काढून टाकला. त्या बांबूचा मावशीने शेळीसाठी खुंटा केला. मान त्या शेळीचाच होता, नाही का?

आजही त्या गावात साथ आली की दाराला डहाळी लागते, आणि लागायलाच हवी. पण जो ती बांधतो, तो बांधून निघून जात नाही. हात-पाय धुऊन आत जातो, आजाऱ्याच्या कपाळावर हात ठेवतो आणि औषधाआधी विचारतो, "कसं वाटतंय?" आणि उत्तर संपेपर्यंत थांबतो.

तात्पर्य: लांबून आजार कळत नाही आणि मायेच्या हातावाचून माणूस बरं होत नाही.